अश्वहृदय आणि अक्षहृदय

वनपर्वातील नलोपाख्यान आपण सर्वांनीच कधी ना कधी शिकवले आहे. हंसाचे दौत्य, स्वयंवर, द्यूत, अर्ध्या वस्त्राचा प्रसंग यांवर आपले तास भरतात. मात्र बाहुक झालेला नल ऋतुपर्णाचा रथ घेऊन विदर्भाकडे निघतो, त्या प्रवासातील एक प्रसंग आपण कथानकाच्या ओघात उरकून टाकतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याच्याकडे नुसती नजर टाकतो आणि त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. राजा घाईत आहे, वेळ टळत चालली आहे. तरीही बाहुक रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजू लागतो. संख्या जुळते. त्यानंतरच तो राजापाशी ती विद्या मागतो आणि अश्वहृदयाच्या बदल्यात त्याला अक्षहृदय मिळते. ज्या कलीने त्याला द्यूतात बुडवले तो त्याच्या देहातून बाहेर पडतो तो या क्षणी, त्याआधी नव्हे.

इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या कल्पनेवरील १९७५ सालच्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे. आम्हाला मात्र त्यात विद्येच्या प्राचीनतेपेक्षा नलाचे वर्तन महत्त्वाचे वाटते. नल घोड्यांचा जाणकार होता. त्याला घोडे 'कळत' होते. असा माणूस दुसऱ्याच्या जाणकारीपुढे मान डोलवत नाही, रथातून खाली उतरून मोजतो. मराठीच्या विभागांत गेली कित्येक वर्षे जी एक समजूत सुखाने नांदते आहे, तिचे खंडन याहून नेमके होणार नाही. ती समजूत अशी, की जाण आणि मोजणी या परस्परविरोधी गोष्टी आहेत. ज्याला कळते त्याला मोजावे लागत नाही आणि जो मोजतो त्याला कळलेलेच नसते.

या समजुतीची परीक्षा आम्ही साहित्याच्या प्रांतात न घेता मुद्दाम रेसच्या मैदानावर घेणार आहोत. कारण सरळ आहे. तिथे निकाल दोन-तीन मिनिटांत लागतो आणि तो कोणाच्या रसिकतेवर अवलंबून नसतो.

प्रथम शब्दाविषयी. 'हॅन्डिकॅप' हा मूळचा वस्तुविनिमयाचा खेळ. दोघांच्या वस्तूंतील तफावत तिसरा पंच ठरवी आणि टोपीत हात घालून होकार-नकार कळवला जाई. सॅम्युएल पेपिस याच्या १६६० सालच्या रोजनिशीत या खेळाचा उल्लेख आहे. पुढे हा शब्द शर्यतीत आला आणि त्याला दोन अर्थ चिकटले. एक अधिकृत अर्थ: चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन सर्वांना शक्य तितक्या समान पातळीवर आणणे. दुसरा अर्थ पैज लावणाऱ्यांचा: घोड्याची मागील कामगिरी, अंतर, वजन, जॉकी, ट्रेनर, मैदानाची स्थिती पाहून त्याच्या जिंकण्याची शक्यता वर्तवणे. गंमत अशी, की पहिल्या अर्थाचा हॅन्डिकॅपर आपल्या कामात जितका यशस्वी, तितके दुसऱ्या अर्थाच्या हॅन्डिकॅपरचे काम कठीण. एकाच नावाचे हे दोन व्यवसाय एकमेकांवर मात करण्यासाठीच जन्मलेले आहेत.

या दुसऱ्या व्यवसायाचा एक उपासक आमच्या महाविद्यालयात होता. कार्यालयात हेडक्लार्क होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पुण्याचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवारी अण्णा रेसकोर्सवर. सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांचे आख्यान रंगे. घोडा पॅडॉकमध्ये कान कसे ठेवतो, घाम कुठे येतो, कोणता जॉकी कोणत्या दिवशी 'मनापासून' चालवतो, हे ऐकताना आमच्यातील कविमंडळी भान हरपत. एका वर्षी वार्षिकांकात आमच्यापैकीच एकाने त्यांचे व्यक्तिचित्र लिहिले. 'आकड्यांपलीकडचा माणूस' असे त्याचे शीर्षक होते. ते फार वाखाणले गेले. अण्णा निवृत्त झाले. फंडाचे पैसे कुठे गेले हे आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. वहिनी एके दिवशी विभागात आल्या आणि त्यांनी अण्णांच्या वह्या आमच्या टेबलावर ठेवल्या. अक्षर मोत्यासारखे. तारीख, घोडा, भाव, मिळालेली रक्कम, शेवटी तांबड्या शाईची रेघ. वहिनींनी एकच विचारले, ''सर, यात हरलेले कुठे लिहिलंय?''

हरलेले कुठेच लिहिलेले नव्हते. अण्णा कोणाला फसवत नव्हते. त्यांना हरलेल्या पैजा खरोखरच नोंदण्याजोग्या वाटत नव्हत्या. त्या अपवाद होत्या, जॉकीच्या चुका होत्या, पावसाच्या खोड्या होत्या. नियम म्हणजे तांबडी रेघ. आम्ही त्या रेघेवर व्यक्तिचित्र लिहिले. या लेखातील 'आम्ही'मध्ये तो व्यक्तिचित्रकारही आहे, हे येथेच सांगून टाकणे बरे.

मग परीक्षा कशी घ्यायची? तिचे नियम इतके साधे आहेत की ते सांगताना संकोच वाटतो. भाकीत शर्यतीपूर्वी लिहायचे. प्रत्येक भाकीत लिहायचे. आणि त्याची तुलना शून्याशी न करता बाजारभावाशी करायची. हा तिसरा नियम सर्वाधिक विसरला जातो. 'माझे दहातले तीन घोडे येतात' असे कोणी सांगितले की ऐकणारा थक्क होतो. परंतु सर्वांत कमी भावाचा घोडा, म्हणजे फेवरिट, जगभरच्या मैदानांवर ढोबळमानाने तीनांतील एक शर्यत जिंकतोच. डोळे मिटून फेवरिट लावणाऱ्यालाही हे यश मिळते, आणि तरी तो दीर्घकाळात हरतो, कारण भावातच जमावाचे ज्ञान आणि चालवणाऱ्याची कपात दोन्ही आधीच भरलेली असतात. एकास तीन भाव म्हणजे पंचवीस टक्के संभाव्यता. एका शर्यतीतील सर्व घोड्यांच्या भावांचे असे टक्के करून बेरीज केली तर ती शंभराहून अधिक भरते. हा वरचा भाग म्हणजे खेळात बसण्याचे भाडे. जाणकारी सिद्ध करायची तर जमावाहून अधिक कळते इतके दाखवून भागत नाही. भाडे वजा जाऊन काही उरते, हे दाखवावे लागते.

जमावही अगदीच अडाणी नसतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ साली दाखवले की भावांतून निघणारी संभाव्यता प्रत्यक्ष निकालांशी बऱ्यापैकी जुळते. मात्र फेवरिटांवर लोक किंचित कमी पैसे लावतात आणि लांबच्या भावाच्या घोड्यांवर वाजवीपेक्षा जास्त. पुढे अनेक देशांत हा कल पुन्हा पुन्हा आढळला. हॉंगकॉंगसारख्या ठिकाणी तो तितकासा आढळला नाही. या निष्कर्षात एक मानवी शोकांतिका दडलेली आहे, आणि ती मोजल्यामुळेच दिसली: ज्याला एका फटक्यात सगळे परत हवे असते, तो सर्वांत महाग आशा विकत घेतो. दस्तयेव्हस्कीने १८६६ साली 'जुगारी' सव्वीस दिवसांत सांगून लिहून घेतली ती हाच ज्वर स्वतःच्या अंगात असताना. कादंबरी ज्वराची अनुभूती देते, तक्ता त्याची किंमत सांगतो. दोहोंत भांडण कुठे आहे?

आता एक छोटे गणित, जे आम्ही स्वतः कागदावर करून पाहिले. समजा, एखाद्याची 'पद्धत' सर्वस्वी निरुपयोगी आहे. तो प्रत्येक वेळी असा घोडा निवडतो ज्याची जिंकण्याची शक्यता दहात एक आहे आणि जिंकल्यास एका रुपयाचे नऊ रुपये हाती येतात. म्हणजे सरासरीने दर रुपयामागे दहा पैसे तोटा. दोनशे शर्यतींनंतर असे शंभर लोक पाहिले तर त्यांतील सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस जण फायद्यात असतील. त्यांच्यात कौशल्य नाही, दोनशे हा आकडाच लहान आहे. दोन हजार शर्यतींनंतर तेच फायद्यातील लोक शंभरात पाचच्या आसपास उरतात. दोनशे शर्यती म्हणजे हौशी माणसाचा एखाद-दुसरा हंगाम. म्हणजे दर हंगामाअखेर शंभर निरुपयोगी पद्धतींमागे पाव शतकाहून अधिक 'सिद्ध' पुरुष तयार होतात. ते बोलतात, उरलेले गप्प बसतात, आणि व्यक्तिचित्रे कोणाची लिहिली जातात हे आम्ही वर सांगितलेच आहे.

यावर हमखास उत्तर येते: जाणकाराला अधिक माहिती असते. पॉल स्लोविक यांनी १९७३ साली नेमके हेच तपासले. आठ अनुभवी हॅन्डिकॅपरांना एकूण अठ्ठ्याऐंशी प्रकारच्या माहितीतून आपल्याला हव्या त्या बाबी निवडायला सांगितले. मग झालेल्या शर्यतींची खरी माहिती, घोड्यांची ओळख लपवून, त्यांना दिली: आधी पाच बाबी, मग दहा, मग वीस, मग चाळीस. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी भाकीत केले आणि आपल्याला किती खात्री वाटते तेही सांगितले. पाच बाबींवर ते निव्वळ नशिबापेक्षा सरस होते. म्हणजे त्यांना काही कळत होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु चाळीस बाबी मिळूनही त्यांची अचूकता वाढली नाही. वाढला तो आत्मविश्वास. संदर्भसूचीच्या लांबीवरून प्रबंधाचे वजन ठरवणाऱ्या आम्हा मंडळींनी हा प्रयोग भिंतीवर लावून ठेवावा.

येथवर वाचून विदेच्या नव्या भक्तांना आनंद झाला असेल. त्यांनी थोडे थांबावे, कारण आमची तक्रार त्यांच्याविरुद्धही आहे. आकडे हाती आले की बुवाबाजी संपत नाही, ती बाड बदलते. दहा वर्षांचे निकाल संगणकात भरा आणि नियम शोधू लागा: तिसऱ्या क्रमांकाच्या फाटकातून सुटणारे, विश्रांतीनंतर धावणारे, अमुक ट्रेनरचे, तमुक अंतरावरचे. नशिबाने खरा वाटण्याची शक्यता विसांत एक, अशी कसोटी लावून वीस निरर्थक नियम तपासले, तर त्यांतील एक तरी 'सिद्ध' होण्याची शक्यता सुमारे चौसष्ट टक्के असते. ज्या विदेवरून नियम बेतला त्याच विदेवर तो पारखणे म्हणजे स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकेचे उत्तर स्वतःच लिहून पहिला वर्ग मिळवणे.

या दोन्ही बुवाबाजींतून वाट काढणारा इतिहास उपलब्ध आहे. रूथ बोल्टन व रँडल चॅपमन यांनी १९८६ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात शर्यतीतील प्रत्येक घोड्याची संभाव्यता एकत्रितपणे काढण्याचे एक संख्याशास्त्रीय प्रारूप मांडले. विल्यम बेंटर हा अमेरिकन तरुण ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ॲलन वूड्स या सहकाऱ्याबरोबर हॉंगकॉंगला गेला होता. तेथे मैदाने दोनच, घोड्यांचा संच मर्यादित, आणि प्रत्येक धावेची तपशीलवार नोंद. विन पैजेच्या कोशातून कपात मात्र सुमारे साडेसतरा टक्के. सुरुवातीला त्यांनी पैसे गमावले. १९९४ साली बेंटरने आपल्या पद्धतीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी कोणाही समीक्षकाने वाचाव्यात अशा आहेत. पहिली, प्रारूप घडवण्याची विदा आणि ते पारखण्याची विदा वेगळी ठेवण्याचा आग्रह, आणि त्यासाठी पाचशे ते हजार शर्यती तरी हव्यात ही अट. दुसरी त्याहून विलक्षण आहे. प्रारूपाचे मत आणि जमावाचे मत यांत जिथे मोठी तफावत पडे, तिथे सत्य बहुधा दोहोंच्या मधे कुठेतरी निघे. प्रारूपाला न दिसणारे काही जमावाला दिसत होते. बेंटरने जमावाचे भावच आपल्या गणितात एक घटक म्हणून घेतले, आणि मग पद्धत चालली.

म्हणजे काय झाले? ज्याने मोजले त्यालाच जाणकारीची खरी किंमत कळली. पॅडॉकमधील कान, घाम, जॉकीचे मन हे सर्व भावात कुठेतरी उतरलेले असते, हे त्याने मान्य केले, आणि किती उतरलेले असते हेही त्याने मोजले. अण्णांची नजर खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. ती किती खरी होती, आणि ती बाजाराला आधीच ठाऊक होती की नाही, हे विचारण्याची हिंमत ना त्यांनी केली ना आम्ही.

काही आक्षेप. घोडा हा जिवंत प्राणी आहे, आकडा नाही, असे म्हणतात. मान्य. पण भाकीत हे घोड्याचे वर्णन नसून आपल्या ज्ञानाविषयीचा दावा असते, आणि दाव्याला हिशेब लागतो. दुसरा आक्षेप कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. त्या निर्णयाने कायद्याचा प्रश्न सुटला. परंतु खेळात कौशल्याला वाव आहे, यावरून पैज लावणाऱ्या अमुक माणसापाशी ते आहे, हे कसे निष्पन्न होते? काव्यात प्रतिभेला वाव आहे म्हणून आमच्या वार्षिकांकातील प्रत्येक कवी प्रतिभावान ठरत नाही. शिवाय भाडे वाढतच गेले आहे: ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर, आणि सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के. बेंटरची सारी करामत साडेसतरा टक्क्यांच्या भिंतीवरून उडी मारण्यात होती. येथील सामान्य माणसाला कोणी 'पद्धत' विकत असेल, तर त्याने किती उंच उडी मारायची आहे, एवढे तरी विकणाऱ्याने सांगावे.

तिसरा आक्षेप आमच्याच घरचा, आणि सर्वांत गंभीर. साहित्य ही शर्यत नव्हे. तिथे विजयरेषा नाही, निकाल नाही. मग ही कसोटी आमच्या काय कामाची? या आक्षेपातील अर्धे आम्ही मनापासून स्वीकारतो. कवितेचा अर्थ लावणे हे भाकीत नव्हे. एका ओळीतून उलगडणारा अनुभव भावाशी ताडून पाहता येत नाही, पाहूही नये. पण आपण केवळ अर्थ लावतो का? 'हा दशकाचा लेखक', 'ही कादंबरी टिकणार', 'हा विद्यार्थी संशोधन करू शकणार नाही' ही विधाने आस्वादाची नव्हेत; ती भाकिते आहेत, आणि ती आपण कुठेही न नोंदता आयुष्यभर करत असतो. टिकलेल्या लेखकाविषयी 'आम्ही तेव्हाच म्हटले होते' असे सांगतो. न टिकलेल्यांविषयी वही कोरी असते. अण्णांची तांबडी शाई आमच्याही दौतीत आहे.

आणि एका ठिकाणी तर आपण रोजच निकाल लावतो. हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका, आधी एकसारखेच मध्यम गुण मिळालेल्या, अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच परीक्षकांपैकी चौदा जणांना, त्यांना न सांगता, त्याच पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने नापास, उत्तीर्ण, विशेष उत्तीर्ण यांबाबतचा स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला. हे परीक्षक अप्रामाणिक नव्हते. त्यांना उत्तरपत्रिका 'कळत' होत्या, जसा अण्णांना घोडा कळत होता. फरक इतकाच, की अण्णांनी स्वतःचा फंड लावला होता. आपण लावतो ते समोरच्या मुलाचे वर्ष.

म्हणून आमचा वाद संख्याशास्त्राच्या बाजूने आणि साहित्याच्या विरुद्ध नाही. तो न लिहिलेल्या हरण्याविरुद्ध आहे. रसिकतेच्या नावाखाली हिशेब नाकारणारा आणि विदेच्या नावाखाली सोयीचा हिशेब मांडणारा, हे दोघे आम्हाला एकाच गोत्राचे वाटतात. दोघेही झाड न तोडता फळांची संख्या सांगतात.

आम्ही या सत्रापासून एक क्षुल्लक गोष्ट सुरू केली आहे. अंतर्गत परीक्षेच्या वीस उत्तरपत्रिका नावे झाकून छायांकित करायच्या, सहा महिन्यांनी परत काढायच्या आणि आपलेच जुने गुण न पाहता नव्याने तपासायच्या. दोन्ही आकडे एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहायचे; जुळले तरी, न जुळले तरी. वही विभागात टेबलावर राहील, विद्यार्थ्यांनाही पाहता येईल. शाई निळीच वापरायची, असे ठरले आहे.